शनिवारी आणलेला पंप

गाडी घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आपण गाडी घेतली. दोन-तीन महिन्यांत कळलं, की मुलुंडच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगनं एक ड्रायव्हर ठेवलाय आणि तो मी आहे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती एकच गाडी. तीही तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, पुढचा डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडणारा. पण कुणाची सून अडली, चल रे. कुणाचा सासरा मोरीत पडला, चल रे. नवरदेवाला हॉलवर सोडायचंय, चल रे, आणि आधी जरा धुऊन घे ना. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण घरात मी नि आई, आणि आई माझ्या वतीनं आधीच हो म्हणून मोकळी झालेली असायची. कुरकुर केली की म्हणायची, "शेजाऱ्यांक कोण नाय म्हणता काय रे मेल्या?"

ऐंशीच्या दशकातला तो एक उन्हाळा मात्र जरा जास्तच झाला. आमच्या बरोबर खालच्या घरात माझा दोस्त राहायचा. दोघं एकाच महिन्यात त्या बिल्डिंगमध्ये आलो, दोघांच्या नळाचं पाणी एकाच वेळी जायचं, त्यातून जमलेली दोस्ती. तो पोस्टात होता. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या हातच्या बाहीसाठी स्टेशनपलीकडून बायका यायच्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि मग परळच्या हॉस्पिटलात किरणांचे शेक सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, एकही खाडा करायचा नाही, मध्येच खंड पडला तर आधी सोसलेलं सगळं फुकट जाईल.

लोकलच्या धक्काबुक्कीत वहिनींना नेता येत नव्हतं नि रोजची टॅक्सी परवडत नव्हती, तरी दोस्तानं मला कधी विचारलंच नाही. आईनं जिन्यातच सांगून टाकलं, "माझो झील नेतलो." झालं. झील, म्हणजे मी, नेऊ लागला. उजाडायच्या आत उठायचं, परळ गाठायचं, हॉस्पिटलबाहेर ताटकळायचं, परत यायचं, डबा उचलायचा आणि भांडुपच्या कारखान्यात कामावर. दुपारी स्टोअरमध्ये पेट्यांना टेकलो की डोळा लागायचा. चार-पाच आठवडे असेच गेले. मी इतका थकलो होतो की आईनं "चहा घेतोस ना?" विचारलं तरी तिच्या अंगावर जायचो. वहिनी मागच्या सीटवर खिडकीशी बसायच्या, मांडीवर एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट. दोस्त त्यांच्या शेजारी. जाताना कुणी बोलायचं नाही आणि येताना तर नाहीच.

शेवटचा आठवडा उरला होता. आदल्या शुक्रवारी येताना सायनच्या सर्कलला बॉनेटमधून भसाभस वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. बघतो तर वॉटर पंपाच्या खालून पाण्याची धार, आणि पंपावरचा पंखा हातानं हलवला की म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता. इंजिनात पाणी फिरवणारा पंपच गेला, म्हणजे वाट लागली. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सोमवारी उठायला नको, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. थकलेल्या माणसाचं डोकं तेवढंच चालतं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

थांबत थांबत, दिसेल तिथे पाणी ओतत गाडी कशीबशी घरी आणली. नाक्यावरचा आमचा मिस्त्री मे महिना म्हणून गावाला गेलेला. दुसरा गॅरेजवाला म्हणाला, बुधवारनंतर बघू. दोस्त गेटपाशी उभा राहून नुसता गाडीकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं मला सहन होईना. म्हटलं, "अरे, पंपच बदलायचाय ना? चार बोल्ट तर असतात. आपण बदलू, रविवारी, इथेच." बोलून गेलो आणि मग माझाच मला राग आला.

शनिवारी हाफ डे. घरी येऊन दोन घास खाल्ले आणि पंप आणायला निघालो तर आई दारात.

"खंय चाललंस?"

"पंप आणतो, गाडीचा."

"लोखंडाचो?"

इथे मला कळायला हवं होतं. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, शनी मागे लागतो, हे आमच्या घरात वर्षानुवर्षांचं. आईनं शनिवारी कधी साधा खिळा घेतला नव्हता. "शनवारी लोखंड घरात हाडूचा नाय, सांगान ठेवतंय!"

"घरात कुठे आणतोय? गाडीत बसवतोय ना!"

"आणि गाडी कोणाची? तुझीच मा? आणि तिच्यात बसतली कोण? आजारी बाई!"

दुकान रविवारी बंद, सोमवारी उघडेल तोवर शेकाची वेळ टळलेली. मी वैतागून पायरीवर बसलो. आमची कचकच ऐकून दोस्त वर आला. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "काकू, आम्ही बुद्धाची माणसं. आमच्याकडे शनीही नाही नि मंगळही नाही. पंप मी आणतो, माझ्या नावानं."

आईनं बराच विचार केला. तिला शनीही सांभाळायचा होता आणि वहिनीही. शेवटी निकाल दिला, त्यानं आणायला हरकत नाही, पण शनिवार संपेपर्यंत पंप त्याच्याच घरी राहील, आमच्या उंबऱ्याला शिवणार नाही, गाडीलाही नाही. दोस्त हसत गेला आणि खोक्यातला नवाकोरा पंप घेऊन आला. पंपाची ती रात्र वहिनींच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर गेली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कंपाउंडमध्ये उतरलो आणि बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. ज्यांनी जन्मात सायकलची चेन चढवली नव्हती तेही वरून सल्ले देत होते. "आधी पट्टा काढ!" "अरे, पंखा काढ पंखा!" मनात म्हटलं, उतरा ना मग खाली. रेडिएटरचं पाणी काढलं, पट्टा सैल केला, पंखा उतरवला. तीन बोल्ट सुटले. चौथा गंजून पक्का बसलेला. त्याच्यावर रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पुन्हा रॉकेल. दोस्तानं पान्यावर सगळा जोर लावला, पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालपटं निघाली. "सोड, मी करतो," म्हटलं तर ऐकेना. बोटांना फडकं गुंडाळलं आणि परत भिडला. त्या बोल्टावर तो कसला राग काढत होता, ते मला दिसत होतं. शेवटी बोल्ट सुटला, तेव्हा गॅलरीतून टाळ्या पडल्या.

नवा पंप चढवला, बादलीनं पाणी भरलं, गाडी चालू केली. आणि पंपाच्या सांध्यातून पाणी टपटप खाली. माझीच घाई नडली. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाचं पॅकिंग असतं. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला चुरा मी नीट खरवडलाच नव्हता, कारण ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला आडवं व्हायचं होतं. पंप पुन्हा खोलला तर नवं पॅकिंग फाटून हातात आलं. दुकानं बंद. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. म्हटलं, "बस यार. झालं. माझ्याच्यानं होत नाही आता."

दोस्त म्हणाला, "कागदच लागतो ना? जाडसा? मग कापू की आपण."

मग कागदाची शोधाशोध. वहीचा पुठ्ठा पातळ पडला. लग्नपत्रिका दुमडली की तडकायची. आईच्या पंचांगाच्या वेष्टनाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. गॅलरीतून एकेक कागद खाली येत होता आणि मी नाही नाही म्हणत होतो. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. ऑपरेशनपासून त्या हॉस्पिटलखेरीज घराबाहेर पडल्या नव्हत्या. एका हातात एक्स-रेचं ते खाकी पाकीट, रिकामं, आणि दुसऱ्या हातात त्यांची कापडाची कात्री.

"हे चालेल का, भावजी?"

चालेल काय, त्यासारखं दुसरं नव्हतं. जाड, दमदार कागद. दोस्त म्हणाला, "अगं, एक्स-रे उद्या कशात नेणार?" त्या म्हणाल्या, "साडीच्या खोक्यात." आणि पायरीवर बसल्या.

मी पंपाचं तोंड ग्रीसनं माखून कागदावर दाबलं. छाप उठला. कात्री घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दिली नाही. "तुमच्या हातचं आत्ताच बघितलं," म्हणाल्या. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, बोटांना सूज होती. चार वेळा कात्री चालवायच्या आणि थांबायच्या. हात मांडीवर ठेवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा कात्री. बोल्टांची बारीक गोल भोकं त्यांनी कात्रीच्या टोकानं अशी काढली, की दुकानातलं पॅकिंग झक मारेल. मी या वेळी जुना चुरा खरवडून खरवडून काढला, पॅकिंगला ग्रीस लावलं आणि पंप बसवला.

पाणी भरलं, गाडी चालू केली. एक थेंब नाही. भांडुपपर्यंत चक्कर मारून आलो, इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा जागचा हलला नाही. "झकास!" दोस्त ओरडला आणि त्यानं मला मिठीच मारली, रॉकेल-ग्रीससकट. आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. वहिनी तोवर घरात गेल्या होत्या.

सोमवारी पुन्हा अंधारात निघालो. हॉस्पिटलपाशी दोस्त नंबर लावायला आत गेला. मी बॉनेट उघडून पंपावर हात फिरवला, सगळं कोरडं होतं. परत येऊन सीटवर बसलो तर मागून आवाज आला.

"भावजी, एक सांगू? ह्यांना नका सांगू."

"बोला ना, वहिनी."

"शनिवारी रात्री तो पंप आमच्या ओट्यावर होता ना. हे झोपले, आणि मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. वाटलं, टाकून द्यावा मागच्या नाल्यात. पंप नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर सोमवार नाही. एक दिवस तरी कुणी भाजायला नको मला." मग म्हणाल्या, "उचलला पण. मेला जड किती! ह्या हातानं फेकला असता तर माझ्याच पायावर पडला असता."

मी विचारलं, "आणि तरी काल पाकीट घेऊन आलात?"

"ह्यांच्या बोटांचं रक्त बघितलं," त्या म्हणाल्या. "माणूस एवढा झटतोय म्हटल्यावर मी कुठे लपणार?"

मी आरशात बघितलं. रोज तीच बाई मागे बसायची आणि मी तिला एकदाही धड बघितलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, खरं सांगू? शुक्रवारी सायनला वाफ आली ना, मला बरं वाटलं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसताना टाक्यांची जागा ओढली जायची, म्हणून छातीवर हात दाबून हसत होत्या. "अगंबाई! म्हणजे तुम्हीपण? आधी बोलायचं ना भावजी, दोघांनी मिळून फेकला असता!" तेवढ्यात दोस्त आला, फडकं बांधलेल्या हातात नंबराचा कागद नाचवत. "पहिला नंबर!" त्याचं तोंड असं फुललेलं, जणू लॉटरी लागली. वहिनी लगेच उतरल्या आणि त्याच्याबरोबर ताठ चालत गेल्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तसाच बसून राहिलो.

त्यानंतर रोज सायनच्या सर्कलला मागून हळूच प्रश्न यायचा, "काय भावजी, वाफ?" मी म्हणायचो, "नाही हो वहिनी." "अरेरे," वहिनी म्हणायच्या. दोस्त विचारायचा, कसली वाफ, आणि आम्ही दोघं म्हणायचो, काही नाही. थकवा काही कमी झाला नव्हता. पण एकट्यानं थकणं वेगळं आणि हे वेगळं.

वहिनी त्यातून बऱ्या झाल्या, हे सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. पुढे खूप वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? शुक्रवार उजाडला. शेवटचा शेक. सायनचं सर्कल जवळ आलं तशी मी वाट बघू लागलो, पण मागून प्रश्न आला नाही. शेवटी मीच म्हटलं, "वाफ नाही हो, वहिनी."

"आज येऊ देऊ नका हां, भावजी," त्या म्हणाल्या. "आज मला पोचायचंय."

दोस्तानं या वेळी कसली वाफ विचारलं नाही. मी काट्याकडे बघितलं, काटा जागेवर होता. रस्ता मोकळा होता, तरी डोळे पुसायला मला गाडी जरा हळू करावी लागली.