दोन नऊ पाच

मनुष्याचा आवाज देवापर्यंत पोचवणारा सर्वांत शुद्ध मार्ग म्हणजे ग्रेगोरियन गायन. हे वाक्य माझं नाही. आमच्या नव्या गायनमास्तरांनी पहिल्या तालमीला वाटलेल्या कागदाच्या माथ्यावर ते ठळक अक्षरांत होतं. त्याखालची स्वरलिपी झेरॉक्सवाल्याने अर्धी कापली होती. त्यामुळे तो मार्ग नेमका कुठून जातो हे पुढचा आठवडाभर कोणालाच कळलं नाही.

मास्तर माणिकपूरला राहत, मुंबईत कॉम्प्युटरचं काही तरी करत, आणि युरोपातल्या एका मठात पंधरा दिवसांची कार्यशाळा करून आले होते. पंधरा दिवसांपूर्वी ते आमच्यासारखंच ‘आमेन’ म्हणायचे. आता त्यांचा ‘आ’ इतका गोल झाला होता की एखाद्या दंतवैद्याला समाधान वाटावं. आमच्या फादरांच्या गुरुदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, मिस्साला, म्हणजे त्या दिवशीच्या मुख्य उपासनेला, खुद्द बिशप यायचे होते, आणि मास्तरांनी ठरवलं होतं की त्या दिवशी आपण लॅटिनमध्ये गायचं. सुरुवातीला एकसुरी ग्रेगोरियन, आणि कम्युनियनचा प्रसाद वाटण्याआधी देवाच्या कोकराकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे, शांती मागतात त्या ठिकाणी चार आवाजांचं बहुस्वरी गायन.

“बहुस्वरी म्हणजे,” ते म्हणाले, “प्रत्येक जण वेगळं गातो, वेगळ्या वेळी सुरू करतो, आणि तरी सगळं मिळून एक होतं.”

“म्हणजे आपण आत्तापर्यंत गायचो तसंच,” माझी मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय बहात्तर, गिरीजला स्वतःची वाडी, केळी आणि भाजी अजून स्वतः बघते. चाळीस वर्षं ती क्वायरमध्ये खालच्या पट्टीतल्या बायकांच्या ओळीत गाते. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मुख्य दारावरच्या माडीत, कठड्याला लागून, डावीकडचा कोपरा तिचा. त्या कोपऱ्यातून अख्खं देऊळ दिसतं आणि अख्ख्या देवळाला मावशी दिसते, यातलं तिला काय जास्त प्रिय होतं ते मी कधी विचारलं नाही. मी स्वतः कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झालेला माणूस. मला गाता येतं म्हणून नव्हे, तर खर्जाच्या तिघांपैकी एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून घेतलं होतं.

ग्रेगोरियनची स्वरलिपी चार रेघांवर लिहितात आणि स्वर चौकोनी असतात. मास्तरांनी नवा कागद वाटला. मावशीने तो दूर धरला, जवळ धरला.

“चार सऱ्या दिसतात,” ती म्हणाली, “पण रोपं कोणी लावलीत ही? इथे दाटीवाटी, तिथे रान मोकळं.”

“आंटी, यात ताल नसतो. शब्द जसा चालतो तसा स्वर चालतो.”

“मग थांबायचं कुठे?”

“श्वास संपेल तिथे.”

“माझा तर माडीचा जिना चढतानाच संपला.”

सगळे हसले. मास्तरही हसले, पण थोडं लॅटिनमध्ये. ‘आंटी’ हा शब्द मात्र मावशीने घरी जाताना वाटभर चघळला. “ह्याच्या बापाला मी शेंबूड पुसायला शिकवलं,” ती म्हणाली, “आणि मी ह्याची आंटी?”

खरी अडचण शब्दांची होती. मास्तरांनी लॅटिन देवनागरीत लिहून दिलं होतं आणि ते वाचण्याचा आग्रह आमच्या डोळ्यांनी मराठीतच धरला. ‘आन्युस देई’ म्हटलं की बायकांच्या ओळीतून हमखास प्रश्न येई, “कोण देई? काय देई?” मास्तर सांगत की ‘आन्युस’ म्हणजे कोकरू आणि ‘देई’ म्हणजे देवाचं. मावशी म्हणे, “देवाचंच ना, मग देईलच.” व्याकरण म्हणून हे चूक होतं. बाकी मला त्यात खोट काढता आली नाही.

फादरांच्या सणाच्या तीन आठवडे आधी मास्तरांनी जाहीर केलं की बहुस्वरी तुकडा प्रत्येकाने एकट्याने गाऊन दाखवायचा. ज्यांना जमणार नाही त्यांनी त्या दिवशी खाली बाकावर बसायचं. “मनातून गा, आंटी,” ते मावशीकडे बघून मऊपणाने म्हणाले, “देवाला मनातलंही ऐकू येतं.”

मावशीने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. मला मामला गंभीर दिसला. राजोडीच्या नणंदांना तिने बोलावून ठेवलं होतं. ‘मी वर कठड्याशी असेन, मान वर करून बघा’ असं फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. चाळीस वर्षांत एकदा, बाळंतपणात, ती खाली बसली होती. पण तिला शेवटची ओळ काही केल्या टिकत नव्हती. ‘दोना नोबिस पाचेम’, म्हणजे आम्हाला शांती दे. कधी नोबिस आधी येई, कधी पाचेम हरवे. एकदा ती “दोना पाचेम… आणि उरलेलं” असंही गायली, तेही सुरात.

मी पुस्तकं काढली. शब्दांची व्युत्पत्ती सांगितली, दान आणि ‘दोना’ यांचं दूरचं नातं सांगितलं. वाडीत पाटाचं पाणी वळवत ती ऐकत होती. मग कुदळ टेकून उभी राहिली.

“दोना म्हणजे दोन,” ती म्हणाली. “नो म्हणजे नऊ. पाचेम म्हणजे पाच. दोन, नऊ, पाच. एवढ्यासाठी इतकी पुस्तकं?”

“आणि नोबिसमधला बिस?”

“तो पडतो आपोआप तोंडातून. आकडा चुकत नाही माझा कधी. गीतांचं अख्खं पुस्तक मला नंबराने पाठ आहे.”

चाचणीच्या दिवशी ती कठड्याशी उभी राहिली, बोटांवर काही तरी मोजलं आणि गायली. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते म्हणाले, “स्वरांची शुद्धता बघा. मठात हेच सांगायचे, अर्थ आत असला की उच्चार आपोआप येतो.” मावशीने मान डोलावली. आत काय होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

असा शोध एका ओळीत राहत नाही. आठवड्याभरात उंच आवाजाच्या मुली, पुरुष, शेवटी कीबोर्डवालासुद्धा त्या तुकड्याला ‘दोन नऊ पाच’ म्हणू लागले. मास्तर “आता आन्युस देई घेऊ” म्हणाले की मागून कुजबुज होई, “दोन नऊ पाच काढा रे.”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशीच्या गीतांची यादी माझ्या अक्षरात होती, कारण क्वायरमध्ये माझंच अक्षर वाचता येतं असा समज आहे. प्रवेशाला लॅटिन, अर्पणाला मराठी गीत, त्याचा क्रमांक, कम्युनियनचं गीत, त्याचा क्रमांक. आणि मधे, सवयीने, मी लिहिलं: कोकरू — दोन नऊ पाच. एक प्रत मास्तरांना दिली. दुसरी प्रत देवळाची व्यवस्था बघणाऱ्या काकांनी मागितली. वेदीच्या बाजूच्या लाकडी फळ्यावर गीतांचे क्रमांक लावतात ते हेच काका. ते शिस्तीचे आहेत. कागदावर आहे ते फळ्यावर, यापलीकडे त्यांनी आयुष्यात कधी मत दिलेलं नाही.

सणाच्या सकाळी देऊळ गच्च होतं. नणंदा चौथ्या बाकावरून माना वर करून बसल्या होत्या. प्रवेशाचं ग्रेगोरियन बरं झालं, म्हणजे आम्ही एकत्र सुरू झालो आणि अंदाजे एकत्र संपलो. लोक पाहुण्यांच्या जेवणाला बसावं तसे आदबीने गप्प होते. मग कोकराची वेळ आली. मास्तरांनी हात वर केले, कीबोर्डने सूर दिला, मावशीच्या ओळीने पहिला शब्द उचलला. खाली माना फळ्याकडे वळल्या. फळ्यावर २९५ होतं.

न कळणाऱ्या लॅटिनमध्ये ओळखीचा नंबर दिसला होता. कोणी पुस्तक उघडायला थांबलं नाही. त्या गीताला आमच्या गावात पुस्तक लागत नाही, महिन्यातून दोनदा तरी ते म्हणावंच लागतं. अख्खं देऊळ एका दमात, भरल्या गळ्याने, मराठीत सुरू झालं.

आमच्या मुली पहिल्या ओळीत गळाल्या. पुरुष दुसऱ्या ओळीत चक्क २९५ म्हणू लागले. मी दोन्ही सोडून कागदाकडे बघत राहिलो, कारण अक्षर माझं होतं. मास्तरांचे हात हवेत चालूच होते, फक्त ते आता कोणासाठी आहेत हे त्यांनाही कळत नव्हतं.

मावशी थांबली नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून, मास्तरांवर नजर रोखून ती लॅटिन गात राहिली. सगळे थांबले म्हणून आपण थांबायचं, एवढ्यासाठी तिने तो तुकडा पाठ केला नव्हता. खालून मराठी, वरून तिचं एकटीचं लॅटिन. प्रत्येक जण वेगळं गात होता, वेगळ्या वेळी सुरू झाला होता. मिळून एक झालं का, ते मी सांगू शकत नाही. पण तिची ‘दोना नोबिस पाचेम’ सगळ्यांच्या नंतर, लोक गप्प झाल्यावर, स्वच्छ संपली. चौथ्या बाकावर एक नणंद दुसरीला कोपराने ढोसताना दिसली.

मिस्सानंतर बिशप म्हणाले की लोकांचा इतका सहभाग त्यांनी क्वचितच पाहिला. मास्तर माडीच्या जिन्याशी आले. चेहरा उतरलेला, पण माणूस प्रामाणिक.

“आंटी,” ते म्हणाले, “तुम्ही एकट्याच बरोबर होता.”

“आंटी कोण?”

मास्तरांनी लगेच दुरुस्ती केली. “मावशी.”

“आता नाताळची तालीम कधी ते सांग,” ती म्हणाली. “आणि माझा कोपरा तोच.”

कोपरा तोच राहिला. फादरांचीही प्रकृती उत्तम आहे. हे मुद्दाम लिहायचं कारण एवढंच, की गीत क्रमांक २९५ आमच्याकडे शवपेटी देवळाबाहेर नेताना म्हणतात.