टेशनकाकांचं यवतमाळ

आमच्या दिग्रसला रेल्वे नाही. कधी नव्हती, आणि दर निवडणुकीत ती येतच असते हे लक्षात घेता इतक्यात येईल असंही वाटत नाही. तरीही आमच्या गल्लीत एक टेशनकाका होते. नवखा माणूस हमखास विचारायचा, "रेल्वेतून रिटायर झाले का हो?" तर नाही. काका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांचं टेशन रेडिओचं होतं. जगातल्या कुठल्याही जागेबद्दल त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असे, की तिथं आपलं नागपूरचं टेशन लागतं की नाही.

त्यांच्या घराण्यातला पहिला प्रवास त्यांच्या वडिलांचा. धम्मदीक्षा घ्यायला ते नागपूरला गेले, तेही बरंचसं पायी. काका म्हणायचे, "बाप पायी गेला म्हणून मी रिझर्वेशननं हिंडून राह्यलो." आणि हिंडलेही खूप. सरकारी प्रवास सवलतीची एकही पाळी त्यांनी वाया जाऊ दिली नाही. सोबत काकू, मुलगा सुधीर आणि चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. काश्मीरला शिकाऱ्यात बसल्या बसल्या त्यांनी तो कानाला लावला, बटण इकडून तिकडे फिरवलं, नुसती खरखर ऐकली आणि निकाल दिला, "चांगलं हाय, पण टेशन लागत नाही." काश्मीरबद्दल त्यांच्याकडून यापेक्षा जास्त माहिती कोणालाही मिळाली नाही. कन्याकुमारीला सगळे लोक सूर्यास्त बघत होते तेव्हा काका पाठ फिरवून उत्तरेकडे एरियल धरून उभे होते. काकू सगळ्यांना सांगायच्या, "यायनं कन्याकुमारी पाह्यली नाही, आयकली. आन ते बी आयकू आली नाही."

गाण्यांचं त्यांना वेड होतं, पण त्यातही त्यांचा हिशेब वेगळा. भीमगीतं लागली की ते मांडीवर ठेका धरत आणि चहा गार होऊ देत. सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशीला मात्र ते गाण्यासाठी बसतच नसत. निवेदिका फर्माइश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचायची, त्यासाठी बसत. एकदा आमच्या घराच्या भिंतीवर थापा मारत ओरडले, "आयकलं का? आयकलं का?" मी धावत जाऊन विचारलं, "कोणतं गाणं होतं काका?" तर म्हणाले, "गाणं गेलं चुलीत. दिग्रस म्हणाली का नाही ते?"

मग टीव्ही आला आणि काकांचा अपमान सुरू झाला. टीव्हीत फर्माइश नव्हती, गावांची नावं नव्हती. बातम्यांच्या शेवटी हवामानाचा नकाशा दाखवत, त्यात मुंबईचा ठिपका होता, नागपूरचाही होता, पण आमच्या जिल्ह्याचा, यवतमाळचा पत्ता नाही. काकांनी काही दिवस वाट पाहिली. मग काकूंच्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि नकाशा आल्याबरोबर नागपूरच्या जरा खाली, डाव्या अंगाला, काचेवर चिकटवली. "हे आपलं यवतमाळ."

नकाशा जायचा, टिकली राहायची. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालावर, खलनायकाच्या नाकावर आणि पौराणिक मालिकेतल्या देवांच्या छातीवर कुठे ना कुठे यवतमाळ असायचंच. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. टिकली निघाली की काका नवी लावत. काकू कुरकुरत, "माह्या कपाळाले उरून राह्यली नाही." काका म्हणत, "एक दिवस ते खुद दाखवतीन. मंग मी काढतो."

ते खरं झालं. कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली, भाव पडले, बोंडअळी आली, आणि चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्याही नेमक्या त्याच सुमाराला आल्या. एका संध्याकाळी काका अंगणातून हाका मारत सुटले, "आलं! यवतमाळ आलं!" आम्ही हातातलं टाकून पळालो. पडद्यावर खरंच नकाशा होता आणि त्यात आमचा जिल्हा, एकटा आमचाच, लालभडक रंगवलेला. नंतर एक बाई दिसली. दाराच्या चौकटीला टेकून बसलेली, मांडीवर नवऱ्याचा फोटो. काकांचा वर झालेला हात तसाच राहिला. ते उठले, त्यांनी आवाज बारीक केला आणि अंगठ्याच्या नखानं टिकली खरवडून काढली. मलाही तिथे उभं राहवेना, मी घरी निघून आले.

त्यानंतर यवतमाळ रोजच टीव्हीवर असे. काका चिडचिड करत, "आपल्याकडं लोकं हासतेत, जेवतेत, भांडतेत. थे काहून दाखवत नाही?" पूर्वी प्रवासात यवतमाळ म्हटलं की लोक विचारत, "हे कुठं आलं?" आता विचारत नसत. बोधगयेहून परतताना गाडीत एका सद्गृहस्थांनी गाव विचारलं, काकांनी सांगितलं, आणि त्या माणसाचा चेहराच पालटला. त्यानं खालचा बर्थ काकांना दिला, वर बळंच दोन केळी दिली. काकांचं पेन्शन त्या माणसाच्या पगाराहून जास्त असावं. "बर्थ भेटला पोरी," काका मला म्हणाले, "पण झोप नाही आली."

अशातच सुधीरचं लग्न अडलं. सुधीर पुसदच्या कॉलेजात शिकवत होता. एका प्रशिक्षणात त्याची नाशिकच्या प्रज्ञाशी ओळख झाली, दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. मुलगा पसंत होता, घराणं पसंत होतं, गाव सोडून सगळं पसंत होतं. प्रज्ञाची आई फोनवर म्हणाली, "आम्ही रोज टीव्हीवर बघतो ना. तिथे कशी मुलगी द्यायची? मुलानं इकडे नोकरी बघितली तर पुढचं बोलू." सुधीर म्हणाला, गाव सोडणार नाही. दोघंही हट्टाला पेटलेले आणि मधे काका. शेवटी त्यांनीच फोन घेतला. "एकवार येऊन पाहा. मंग नाही म्हणा, मी एका शब्दानं काही म्हणणार नाही."

ते तिघं आले, मायलेकी आणि वडील. धामणगावच्या स्टेशनवरून त्यांना आणायला काकांनी जीप सांगितली आणि मुलीला सोबत म्हणून मला घेतलं. मी तेव्हा दिग्रसच्याच शाळेत शिकवत होते. जीपमध्ये लावायची कॅसेट काकांनी स्वतः भरून घेतली होती, तीत एकही रडकं गाणं नव्हतं. रस्ताभर ते म्हणत राहिले, "डावीकडं पाहा, साग पाहा." का, तर उजवीकडे वाळून गेलेली कपाशीची पऱ्हाटी होती. थोड्या वेळानं डावीकडेच तसली शेतं आली, तेव्हा म्हणाले, "आता उजवीकडं पाहा." उजवीकडे काहीच नव्हतं. "आभाळ पाहा," काका म्हणाले. प्रज्ञा माझ्याकडे बघून ओठ दाबून हसली. तिची आई मात्र दोन्हीकडे नीट बघत होती.

इतकं करून दिग्रसमध्ये शिरता शिरता जीप अडकली. कापूस खरेदी केंद्राचा वजनकाटा बंद होता आणि रस्त्यावर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची नि ट्रॅक्टरांची रांग लागली होती. बैल सोडलेले, माणसं बंडीखाली सावलीला बसलेली. नेमकं काकांना जे दाखवायचं नव्हतं ते सगळं समोर. प्रज्ञाच्या वडिलांना फिरायला गेलं की चित्रण करायची हौस. त्यांनी पिशवीतून व्हिडिओ कॅमेरा काढला आणि खाली उतरले.

लगेच बंडीखालचे एक आजोबा उठून पुढे आले. "कोणतं चॅनेल?" वडील गोंधळले. आजोबांनी सवयीनं टोपी काढून हातात घेतली, खाली बसले आणि तोंड पाडलं. "बसून सांगू का उभं राहून? मांगच्यायनं बसवलं होतं." मागून कोणीतरी आपल्या शेजाऱ्याला दटावलं, "हासू नोको बे. मांगच्या खेपेले तू हासला आन माहा बी फोटो कापला." बघता बघता दहाबारा माणसं रस्त्याच्या कडेला दुःखी होऊन बसली.

काकांना ते सहन झालं नाही. जीपमधून उडी टाकावी तसे उतरले आणि ओरडले, "उठा! उठा तुमी! टीव्हीवाले नोहेत हे! माहे व्याही होत!"

झालं. जे ठरायचं होतं ते काकांनी भर रस्त्यात जाहीर करून टाकलं. ड्रायव्हरनं कॅसेट बंद केली. प्रज्ञाच्या आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही जीप आता इथूनच धामणगावला परत फिरणार. काका स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभे.

आजोबा मात्र टुणकन उठले. "व्याही? मंग पह्यलेच सांगा न बाप्पा! आमी कायले तोंडं पाडून बसलो इथं?" त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता काढा." बाकीचेही उठले. कोणी तुरीच्या शेंगा आणल्या, कोणी पाण्याचा लोटा. विहीणबाई उन्हात उभ्या राहतात म्हणजे काय, म्हणून आजोबांच्या बायकोनं प्रज्ञाच्या आईला हात धरून बंडीत चढवलं आणि कापसाच्या ढिगावर बसवलं. "बसा, आपल्या घरची गादी हाय." मग तिनं सरळच विचारलं, "पोरगी इकडं द्याले भेता काय?"

विहीणबाई काहीतरी पुटपुटल्या, टीव्हीवर बघतो वगैरे.

"मले बी दाखवलं टीव्हीवर," म्हातारी शेंग सोलत म्हणाली. "हातात लेकाचा फोटो घेऊन बस म्हनत. म्या म्हनलं लेक जित्ता हाय माहा, पुन्याले हाय. तरी बी रडाले लावलं. मेलेली थोडीच आहो मी?"

प्रज्ञाच्या आईनं आधी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. इतक्या हसल्या की कापसात आडव्या व्हायच्या बाकी राहिल्या. कॅमेरा चालूच होता.

घरी पोचल्यावर काका हात जोडून म्हणाले, "तोंडातून निंघून गेलं. मनावर घेऊ नका." प्रज्ञाचे वडील म्हणाले, "साहेब, अख्ख्या बाजारासमोर व्याही केलंत. आता मी नाही म्हटलं तर त्या लोकांना काय सांगू?" आणि आई एवढंच म्हणाली, "नोकरी बदलायचं राहू द्या."

लग्न झालं. प्रज्ञा पुसदला नांदायला आली आणि सासऱ्याशी वऱ्हाडी बोलायचा हट्ट धरून बसली. तिचं वऱ्हाडी ऐकून काका पोट धरून हसत, पण तिला कधी टोकत नसत.

काही वर्षांनी काकांना जडसं दुखणं लागलं. व्याह्यांनी हट्टानं उपचारांना नाशिकला नेलं. शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेले. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेजवळच्या बाईंनी बोलता बोलता प्रज्ञाला विचारलं, "कुठले तुम्ही?" ती म्हणाली, "यवतमाळ जिल्हा." बाईंनी मान हलवली आणि "अरेरे" म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्यांचा.

प्रज्ञा ताडकन उठून उभी राहिली. स्वतःच्या माहेरच्या गावात, अस्सल नाशिककर बाईसमोर, ती कडाडली, "अरेरे कायले? काय झालं आमच्या गावाले? मी तिथलीच आहे!"

काका डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. "आहो म्हण, पोरी," ते हळूच म्हणाले. "मी तिथलीच आहो. आहे नाही."

ती रडत रडत हसली. काका त्याच आठवड्यात गेले. इतकी वर्षं झाली तरी मला त्यांची फार आठवण येते, आणि येते तेव्हा आधी हसू येतं, याचा राग काकूंनाही येत नाही. प्रज्ञा अजून पुसदलाच असते. परवा एका लग्नात कोणीतरी पाहुण्यानं तिला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, आणि ती म्हणाली, "मी यवतमाळचीच आहो."

आता ती बरोबर म्हणते.