उंबऱ्याचा चहा

स्वयंपाकघरातल्या बरण्या धुऊन झाल्या होत्या, पण पुसायच्या निम्म्या राहिल्या होत्या. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून वन्संनी हाक मारली, की वहिनी, आज तुम्हीही खेळायला बसा. फडकं खांद्यावर टाकून तशीच गेले.

वन्सं म्हणजे माझी नणंद. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांची टीप सरळ आणि पक्की, बोलणंही तसंच. नवरा गेला तेव्हा चारचौघांत रडल्या नाहीत, लगेच मशीनवर बसल्या. लोकांनी नावं ठेवली. मी त्याच घरात राहते, मला दिसत होतं. बाई आतून उसवत चालली होती.

त्यांच्या यजमानांना सगळे दाजी म्हणत. घरात हा खेळ त्यांनीच आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले शूरवीर होतात, आणि फासे पडतील तसं पुढचं घडतं. त्या गोष्टीत जादूचे चहा असतात. वाट चुकली की पाऊलवाटेचा, भीती वाटली की काळजाचा. दाजी भारी हौशी. त्यांनी हे चहा खरोखरच केले. पत्तीत संत्र्याची साल, लवंग, असं काहीबाही मिसळून लहान बरण्या भरल्या. गोष्टीत कुणी चहा वापरला की टेबलावर तो खराच यायचा. बरणी संपली की धुऊन पालथी, पुन्हा भरायची नाही. आणि चहा ज्याच्यापुढे ओतला, त्याचाच. यात कुणाची गय नव्हती.

मला आधी हे पटलं नव्हतं. देवाचं नाव घेणाऱ्या घरात जादू कशाला, असं मी बोलूनही दाखवलं. दाजी म्हणाले, तुमचा देव एवढ्याशा कपाला घाबरत असेल तर सांगा वहिनी, मी कॉफी सुरू करतो. रागवायला गेले आणि हसू आलं.

ते गेल्यावर गोष्ट वन्सं सांगू लागल्या. एकेक बरणी पालथी पडत गेली. उरला तो उंबऱ्याचा चहा, तोही चिमूटभर. हा पिणारा जगण्यामरण्याच्या उंबऱ्याशी जातो आणि पलीकडच्या माणसाला एक प्रश्न विचारतो, पलीकडच्याला खरं तेच उत्तर द्यावं लागतं. ती बरणी वन्संनी मशीनशेजारी ठेवली होती. एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "हा संपला की माझं इथलं काम संपलं." अगदी साध्या आवाजात, घरातलं मीठ संपल्याचं सांगावं तसं. तेव्हापासून माझ्या प्रार्थनेत दुसरं मागणं नाही. ही बाई राहू दे, एवढंच.

आज टेबलाशी औषधांच्या दुकानातले गोळीवाले होते आणि शेजारच्या मास्तरीणबाई. गोष्टीतला दरवाजा काही केल्या उघडेना. परवलीचा शब्द ठाऊक असलेला पहारेकरी केव्हाच मेलेला. गोळीवाले चाचरत म्हणाले की आता तो चहाच काढावा लागणार. मी टेबलाखालून त्यांना पायाने ढोसलं, पण ते बोलून बसले होते. वन्सं उठल्या. चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता, आणि तेच मला बघवेना.

दाजी गेल्यापासून चहा मास्तरीणबाई करत. आज पहिल्यांदाच वन्संनी किटली हातात घेतली, आणि तिथेच चूक झाली. संसारभर पहिला कप दाजींचा, हाताला तेवढंच ठाऊक. दाजींच्या रिकाम्या खुर्चीपुढे अजूनही मांडला जाणाऱ्या त्यांच्या कपात वन्संनी सगळा चहा ओतला. किटली हलकी लागली तेव्हा भानावर आल्या.

मास्तरीणबाई म्हणाल्या की हे काही धरायचं नाही, कप घ्या आपल्याकडे.

"ज्याच्यापुढे ओतला त्याचा," वन्सं म्हणाल्या.

खिडकी लावलेली, पंखा बंद. कपातली वाफ सरळ वर जात होती. मग ती आडवी झाली, खुर्चीकडून आमच्याकडे. थांबली, पुन्हा आडवी झाली. दाजी चहा असाच फुंकून फुंकून प्यायचे. मला देवाचं नाव घ्यायचं होतं, जीभ उचलेना. चहा कमी होताना काही दिसला नाही, पण बघता बघता तळाची पत्ती दिसायला लागली.

चहा त्यांनी प्यायला, म्हणजे प्रश्न त्यांचा. पलीकडच्या आता वन्सं. मशीन चालू असताना कुणी हाक मारली की ऐकतात, तशी मान कलती करून त्या ऐकत राहिल्या. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. प्रश्न काय असणार, ते मला न ऐकताच कळलं होतं.

"नाही," त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. आणि मग, "अजून नाही येत मी. कव्हरं अर्धवट आहेत."

खुर्चीची दबलेली गादी, कुणी उठावं तशी, हळूहळू वर आली.

दरवाजाचा शब्द कुणी विचारला नाही. गोळीवाल्यांनी फासे गोळा केले आणि चपला घालायचं विसरून जिन्यापर्यंत जाऊन आले. मी कप आत आणला. त्याची कड एकाच जागी ओली होती. तो धुतला, ती लहान बरणीही धुऊन पालथी घातली, आणि मघाच्या राहिलेल्या पुसायला घेतल्या. वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं नाही, पुसत राहिले. त्या म्हणाल्या की जाड दोरा संपत आलाय.

उद्या सकाळी त्या दोऱ्याची रिळं आणायला जाणार आहेत. मी बरोबर जाणार आहे.