अनघाताईचे तीन तास

कुणी गोड बातमी सांगितली की बाकीच्या बायका मिठी मारायच्या, अनघाताई विचारायची, "लिस्टमध्ये नाव घातलंस?" मला तिने हे पहिल्याच भेटीत विचारलं. इथे परदेशात, ॲडम्सटाउनच्या हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा गणपती होता. मला नववा आठवडा लागला होता आणि नवऱ्याशिवाय कुणालाही पत्ता नव्हता. मी नुसतं कॉफीला नको म्हटलं, तर मोदकांचा डबा घेऊन फिरणाऱ्या ह्या बाईने मला कोपऱ्यात ओढलं. "पाळणाघराच्या, क्रेशच्या वेटिंग लिस्टमध्ये गं. घातलंस की नाही?" मी म्हटलं, अहो, अजून तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. "म्हणूनच विचारतेय. आधी लिस्ट, मग डिंकाचे लाडू." मला ती भोचक वाटली. आणि ती भोचक होतीच.

त्या भोचकपणामागचं कारण पुढे कळलं. तिच्या मुलीच्या, रेवाच्या आधी तिचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. म्हणून रेवाच्या वेळी सांगलीहून आईची सक्त ताकीद होती: बाळ हातात येईपर्यंत टोपडंसुद्धा आणायचं नाही, कुठे त्याचा उच्चार करायचा नाही. क्रेशच्या फॉर्मवर बाळाच्या जन्माची अपेक्षित तारीख लिहायची होती. औषधांच्या प्लँटमध्ये यंत्रं तपासून पानंच्या पानं अहवाल लिहिणारी ही इंजिनिअर, पण ती एक तारीख लिहायला तिचा हात धजेना. "सगळं कळत होतं गं मला. पण आई फोनवर रडली." बारसं झाल्यावर तिने क्रेशला फोन केला. तिथली मॅनेजर बाई फार प्रेमाने म्हणाली, आता दोन वर्षांनी बघू, लव्ह.

आमच्यातल्या बहुतेक घरांत बाळं आज्यांच्या व्हिसावर वाढतात. एक आजी विमानातून उतरते तेव्हा दुसरीचं तिकीट बघणं चालू असतं. अनघाताईची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सासूबाई तीन महिने राहून गेल्या. त्यानंतर तिची आई यायची होती, पण आईचे गुडघे ऐन वेळी बसले. चौथ्या महिन्यात अनघाताईने राजीनामा दिला.

घरी बसून तिने सरकारी योजना कोळून प्यायल्या. रविवारी नवे आईबाप लॅपटॉप घेऊन तिच्याकडे यायचे आणि ती पोळ्या लाटता लाटता सांगायची, "आधी पोराचा पीपीएस नंबर, आपल्या आधारसारखा. मग ऑनलाइन अर्ज. एक कोड येईल, तो क्रेशला द्यायचा. ते तास नोंदवतील, मग तू परत साइटवर जाऊन 'हो' म्हणायचं. तेव्हा कुठे फी कमी होते. हो म्हणायला विसरलास, तर मागचे पैसे विसर." एखादा खूश होऊन म्हणायचा, म्हणजे आठवड्याचे सवलतीचे पंचेचाळीस तास आपले! मग ती लाटणं खाली ठेवायची. "सरकार तास देतं रे बाबा. जागा देत नाही." ती हे हसून सांगायची, पण तिचा स्वतःचा अर्जही मंजूर झालेला होता. कोड आला होता आणि तो द्यायला क्रेश नव्हतं.

माझ्या मुलाचा फॉर्म तिने समोर बसून भरून घेतला, तोही एकाच नाही, सहा क्रेशमध्ये. तो आठ महिन्यांचा असताना त्यातल्या एका क्रेशने लहान बाळांची नवी खोली उघडली आणि मला फोन आला. रेवाचं नाव त्याच लिस्टमध्ये माझ्या मुलाच्या कितीतरी आधीपासून होतं. पण ती मोठ्या मुलांच्या खोलीत बसणारी, आणि त्या खोलीत जागा नव्हती. मी हे तिला कसं सांगावं म्हणून दोन दिवस टाळत होते. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ग्रँड! चल, तुझा कोड काढू." मला मनातून लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखं जास्त वाटलं, हे कबूल करायला हवं.

रेवाला बालवाडीच्या फुकटच्या सरकारी तासांचा लाभसुद्धा उशिरा मिळाला. ऑगस्टअखेर मूल दोन वर्षं आठ महिन्यांचं लागतं आणि रेवा जन्मली नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी. "तीन दिवस घाई केली असती पोरीने, तर एक वर्ष आधी गेली असती," ती म्हणायची. शेवटी रेवा बालवाडीत जायला लागली. सव्वानऊ ते सव्वाबारा, शाळेच्या सुट्ट्या वगळून. मी विचारलं, ह्या तीन तासांत तू काय करतेस? "घरी येते, मशीन लावते, कपडे वाळत घालते, पाऊस येतो, कपडे आत आणते. झाले की तीन तास!"

आणि त्याच सप्टेंबरात तिच्या जुन्या प्लँटमधून फोन आला. तिचीच जागा रिकामी झाली होती, आठ ते चार. सकाळी रेवाला सोडायला नितीनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ऑफिसची वेळ बदलून घेतली. सोमवार ते बुधवार रेवाला आणायला आणि सांभाळायला शेजारची मोरीन आजी तयार झाली. गुरुवार-शुक्रवार तेवढे उरले. त्या दोन्ही दिवशी मी घरून काम करत होते. माझा मुलगा दिवसभर क्रेशमध्ये आणि घरात मी एकटी.

अनघाताईने माझ्याकडे एवढं एकदाच काही मागितलं. "केतकी, दोन दिवस सव्वाबाराला तिला आणशील? मी पाचपर्यंत पोचते. गप्प बसते गं ती, कार्टून लावून दे. जागा मिळेपर्यंतच." मी म्हटलं, "मॅनेजरला विचारून बघते." रजेवरून परत येऊन मला वर्षही झालं नव्हतं, बढतीची यादी लागायची होती, आणि आयाबायांच्या अडचणी ऐकल्या की आमच्या मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मी आज विचारू, उद्या विचारू करत राहिले. मी त्याला विचारलंच नाही. तिनेही मला पुन्हा विचारलं नाही. दोन आठवड्यांनी प्लँटने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

त्यानंतर तिच्याकडे रविवारी लॅपटॉप उघडणं बंद झालं. कुणी फोन केला तर म्हणायची, "साइटवर सगळं लिहिलंय, वाच." पुढे रेवाची मोठी शाळा सुरू होणार होती, पण तीही एक-दीडला सुटते आणि नंतरच्या तासांसाठी पुन्हा वेगळी लिस्ट. तिने ह्या वेळी नाव घातलंच नाही. जानेवारीत समजलं की ती रेवाला घेऊन सांगलीला चालली आहे, नितीन इथेच राहणार. "तिकडे जाऊन काय करणार?" मी विचारलं. "काही नाही. आईपाशी राहीन. इतकी गॅप पडलेल्या बाईला तिकडे तरी कोण घेतंय?" ती हे चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दुपारी मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघर आवरत होती. "वरच्या प्रेसमधले, कपाटातले गं, मसाले तू घेऊन जा, नितीन काय करणारे त्यांचं." रेवा बॅगेवर बसून विचारत होती, "मॅमी, आर वी कमिंग बॅक फॉर माय बर्थडे?" तिचा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता.

मला बोलायचं होतं. "ताई, ते गुरुवार-शुक्रवारचं..." एवढंच म्हणू शकले. तिने कपाटातून डोकंही बाहेर काढलं नाही.

"तुझा मॅनेजर नाही म्हणाला असेल," ती म्हणाली. "चालायचंच गं. त्याचीही नोकरीच आहे ना."

"हो ना," मी म्हटलं. "नाहीच म्हणाला."