दर महिन्याला सैल होणारा चष्मा

आमच्या काकाच्या दुकानातून गेलेला चष्मा दहा-दहा वर्षं हलत नसे. माणूस जिन्यावरून गडगडला तरी काड्या जागच्या जागी. मी त्याच्याच हाताखाली शिकले, तेव्हा हे पुतणीचं कौतुक समजू नका, कामाची पारख आहे. अपवाद एकच, पलीकडच्या शाळेतल्या बाईंचा चष्मा.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काकाची पन्नाशी उलटली होती आणि त्याच्या लग्नाचा विषय आम्ही घरात केव्हाच गुंडाळून ठेवला होता. चष्मा करायचा तर गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीनं मोजावं लागतं. अर्ध्या मिनिटाचं काम. काकानं बाईंचं माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा बासष्ट मिलिमीटरच भरलं आणि गडी दर वेळी जरा जास्त लाल होत गेला. मी आत काच घासत होते. हसू ऐकू जाऊ नये म्हणून मशीन उगीचच चालू ठेवलं.

चष्मा तयार झाला. काकानं काडीचा स्क्रू घट्ट पिळला आणि मग, मी या डोळ्यांनी पाहिलं, अर्धा फेरा उलटा फिरवला.

महिन्याभरात बाई हजर. "अहो, काडी हलतेय बघा." काका स्क्रू आवळायचा, अर्धा फेरा सोडायचा, काचा पुसून द्यायचा. पुन्हा महिन्यानं तेच. बाई येण्याच्या सुमारास स्वारी रोज दाढी करायची आणि शीळ घालायची, तीही बेसूर.

"काका, एकदाचं बोलून टाक ना," मी म्हणायचे. "त्या एकट्या, तू एकटा. नाही म्हणाल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"पुढच्या खेपेला."

अशा चोवीस खेपा झाल्या. इतका भित्रा प्रेमवीर मी दुसरा पाहिला नाही.

मग दोन महिने बाई आल्याच नाहीत. काका रस्त्याकडे बघत बसे आणि मला विनाकारण झापत असे. तिसऱ्या महिन्यात त्या आल्या, त्यांच्या डोळ्यांवर दुसऱ्या दुकानातला नवा चष्मा होता.

"राग मानू नका," त्या काकाला म्हणाल्या. "धडा वाचून दाखवताना चष्मा खाली पडला. मुलं हसली. दोन वर्षं एका हातानं चष्मा धरून शिकवलंय मी. आधी वाटलं, माझंच नाक बसकं असेल." मग पर्समधून एक चिठ्ठी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. "हे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. तुम्हाला हल्ली बारीक काम दिसत नसणार. अंगावर काढू नका."

काकाच्या कामाला जन्मात कुणी नाव ठेवलं नव्हतं. खरं बोलला असता तर तेवढी इभ्रत वाचली असती, कदाचित बाकीचंही जुळलं असतं. मी आत जीव मुठीत धरून उभी होते.

"हो," काका म्हणाला. "हल्ली नीट दिसत नाही. तुम्हाला फार त्रास झाला."

"असू दे हो. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" असं म्हणून बाई गेल्या.

मी तणतणत बाहेर आले. "तोंडाला कुलूप घातलं होतंस का? सांगितलं का नाहीस?"

काका खाली मान घालून बसला होता. आजीच्या मयतालासुद्धा न रडलेला माणूस, आता बाहीनं डोळे पुसत होता.

"मला वाटायचं, महिन्यातून एक दिवस ती इथे येते," तो म्हणाला. "उरलेले एकोणतीस दिवस ती कशी शिकवत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं."