कपाटातला पासपोर्ट

भडगावच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या चंदनबाई जैनांच्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडण्याआधी, नात्यातल्या प्रत्येकाला फोन करून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. चार वर्षांपूर्वी यादीतल्या एका नावाशी त्या थबकल्या. रूपल, त्यांची सून, राहणार नेदरलँड्स.

त्या वर्षी मे महिन्यात मुलगा मनन पाच वर्षांच्या पलकला सुट्टीला म्हणून घेऊन आला होता. नवरा-बायकोचं बिनसलं होतं. परतीची तारीख त्याने जाऊ दिली, पलकला गावातल्या शाळेत घातलं, रूपलचे फोन घेणं बंद केलं. पलकचा पासपोर्ट चंदनबाईंनी लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवला. बापाने स्वतःची लेक स्वतःच्या घरी आणली, त्याला पळवणं कोण म्हणेल?

त्यांनी नंबर फिरवला. “रूपल, मिच्छामि दुक्कडम्. काही दुखावलं असेल तर...”

“मम्मीजी, पलकचा पासपोर्ट कुठे आहे?”

“माझ्या कपाटात.”

“मग क्षमा कसली मागता?”

चंदनबाईंनी फोन पलकच्या हातात दिला आणि पारण्याची वाटी बाजूला सारली.

“अगं, मूग गार होताहेत,” त्यांचे पती रिखबचंद म्हणाले.

“होऊ देत. मननला बोलवा.”

मनन चिडला. “मम्मी, तू माझ्या बाजूची की तिच्या?”

“तुझा हक्क असेल तर तिथल्या कोर्टात माग. पोर दडवायला माझं कपाट नाही.”

उपवास दोन दिवस लांबला. तिसऱ्या दिवशी मननने स्वतःची आणि पलकची परतीची तिकिटं काढली आणि चंदनबाईंनी मूग खाल्ले.

जळगावच्या वकिलांनी नंतर सांगितलं, की असं आणलेलं मूल परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत नाही. रूपलला इथल्या कोर्टांत वर्षं घालवावी लागली असती. तेव्हापासून जैन स्थानकात प्रवचनाला जमलेल्या बायकांत कुणी परदेशातून आलेल्या नातवंडाचं कौतुक सांगू लागलं, की चंदनबाई विचारतात, “त्याच्या आईला माहीत आहे ना? परतीचं तिकीट दाखव.” बायका हसतात, पण दोघींनी खरोखरच तिकीट आणून दाखवलं.

नेदरलँड्सच्या कोर्टाने पलकचे शाळेचे दिवस आईकडे दिले. पलक आता नऊ वर्षांची आहे आणि दर सुट्टीत आई-बाप दोघांच्या सहीचा संमतीचा कागद घेऊन बापाबरोबर भडगावला येते. पासपोर्ट तिच्याच पिशवीत असतो. यंदा निघायच्या आदल्या दिवशी रूपलचा फोन आला.

“मम्मीजी, ती फार मागे लागली आहे. राहू दे आणखी आठ दिवस.”

गल्ल्यावर बसलेल्या चंदनबाईंनी चष्मा पुसला.

“राहील. तू आधी तसं लिहून पाठव.”