साहेबांचा आवाज माझ्या घशात

उचगावच्या आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचली जायची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. त्यांनी आणलेल्या गुलाबी कागदांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळे खरं बोललं की माणसं ऐकतात, असं मला फार दिवस वाटायचं.

साहेबांची नक्कल मी कॉलेजात सुरू केली ती रागापोटी. आमच्या भागातले हे मोठे पुढारी. सभेत विचारायचे, "पाणी पायजे न्हवं?" गर्दी पायजे म्हणायची. मग ते खिशातून रुमाल काढून ओठ टिपायचे आणि नुसते बघत राहायचे. मैदान गप्प. मग हळूच, "मग जरा दम धरा की." आणि टाळ्या. न आलेल्या पाण्यासाठी टाळ्या! हेच जसंच्या तसं करून दाखवलं तर लोकांना लाज वाटेल, असा माझा हिशेब होता.

लोक पोट धरून हसले. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो जिल्हाभर फिरला, आणि साहेबांच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. त्यांच्या तोंडावर करायची हीच संधी म्हणून मी गेले. रुमाल काढला, ओठ टिपले. सगळ्यात मोठ्यानं हसले ते साहेबच. शाल-श्रीफळ देऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ही आमचीच पोरगी हाय," म्हणाले. तेवढ्यात फोटो निघाला.

तो बघून संघटनेतल्या पोरांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. नुसते फोन यायचे थांबले. बाबांनी शाल घडी करून कपाटात वर ठेवली. साहेबांची माणसं मात्र दसरा चौकात हाक मारून चहा पाजतात. त्यांच्यात बसून वाटतं तेवढं एकटं मला बंद खोलीतही वाटत नाही.

गेल्या महिन्यात बाबांनीच कबनूरच्या कामगार सभेत माझ्यासाठी पाच मिनिटं मागून घेतली. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण कारखान्यात संडास नाही. एवढंच मला माझ्या आवाजात सांगायचं होतं. पुढं बसलेली एक बाई मान हलवत होती. तिच्याकडे बघून माझे डोळे भरले. डोळे पुसायला मी पर्समधून रुमाल काढला.

"आता बघा, सायेब येनार," मागून कुणीतरी म्हणालं. सगळी सभा हसली. ती बाईसुद्धा, तोंडाला पदर लावून.

मी रुमाल आत ठेवला आणि संडास नसल्याचं तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाले. हसणं ओसरलं. नक्कल होणार नाही हे कळलं तशा मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. दारापाशी बाबा पत्रकांचा गठ्ठा काखेत धरून उभे होते. बाहेर पडणारे त्यांच्या बाजूनं वाट काढत होते.

माझी पाच मिनिटं अजून संपली नव्हती. मी बोलत राहिले.